तिसऱ्या ओळीतला चेहरा

"बाई, आधी नीट बघा तरी," ओतीलिया म्हणाली आणि तिने टेबलावर चार फोटो मांडले.

होर्नाद नदीकाठच्या त्या गावात ओतीलिया हुदाकोवाचा फोटो स्टुडिओ सगळ्यांच्या ओळखीचा. लग्नाची जोडपी, पासपोर्टचे फोटो, चर्चमधल्या समारंभाला पांढरे झगे घालून नटलेल्या पोरी, सगळं तिच्याकडेच यायचं. बाई पन्नाशी ओलांडलेली, सतत सिगारेट ओढणारी, तोंडाने फटकळ. हिवाळा सरत आला की शाळेचं काम यायचं, शेवटच्या वर्षाच्या मुलांचा टाब्लो. एकेकाचा चेहरा वेगळा टिपायचा, सगळे चेहरे एका मोठ्या फलकावर ओळीने चिकटवायचे, खाली नावं घालायची, आणि परीक्षेच्या आधी तो फलक चौकातल्या एखाद्या दुकानाच्या काचेत लावायचा. येणारा-जाणारा तिथे थांबायचाच. कोण बापावर गेलाय, कोणाला आजीचं नाक आलंय, यावर गावाचा वसंत ऋतू निघायचा.

त्या वर्षी पालकांच्या वतीने हे काम वाव्रोवाबाईंनी अंगावर घेतलं होतं. गावातल्या दातांच्या डॉक्टरांची बायको. त्यांची लूसिया याच वर्गात होती. व्हिएन्नातल्या बहिणीकडचे फोटो त्या पर्समधून घेऊन आल्या होत्या. त्यात गाल गुलाबी, गवत हिरवंगार आणि आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं निळं. "मला अशा फिल्मचा रोल हवा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शेजारी वर्गशिक्षक लाबुदा सर मांडीवर टोपी घेऊन बसले होते. ते कुठेही गेले तरी शेजारीच बसायचे.

टेबलावरचे चार फोटो म्हणजे दोन मुलं आणि दोन रोल. वर्गातल्या दोन पोरांना बोलावून ओतीलियाने दोन्ही प्रकारच्या फिल्मवर त्यांचे फोटो काढले होते. एक बिस्त्रीक, लाल केसांचा, दुधासारखा पांढराफटक. दुसरी झानेता चोन्कोवा, पुलापलीकडच्या रोमा लोकांच्या वस्तीतली, वर्गात सगळ्यांत सावळी. बाकीचा अख्खा वर्ग या दोघांच्या मधे कुठेतरी बसत होता. या दोघांना जमेल तो रोल सगळ्यांना जमणार, हा तिचा साधा हिशेब.

भडक रोलवर बिस्त्रीक उकडलेल्या बिटासारखा आला होता. झानेताचं कपाळ आणि नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता, बाकी गाल, हनुवटी, मान सगळं काळोखात बुडालेलं. दुसरा रोल चेहऱ्यांसाठीच बनवलेला, सौम्य. त्यावर बिस्त्रीकच्या नाकावरचे ठिपके मोजता येत होते, आणि झानेता झानेतासारखी होती. तांबूस झाक असलेला गडद रंग, डाव्या भुवईत जुनी खोक, ओठांच्या कडेला थोडं हसू, थोडी गुर्मी.

"ही यात बरी दिसते, मान्य आहे," वाव्रोवाबाई म्हणाल्या. "पण माझी लूसिया यात फिकी येईल."

"लूसिया फिकीच आहे."

"म्हणून तर! जरा रंग चढायला नको का? एका मुलीसाठी सगळ्या वर्गाने फिकं दिसायचं, हे कुठलं? असं करा, बाकीच्यांना माझा रोल वापरा. हिला हवा तर तुमचा वापरा."

"आणि मग फलकावर ती दुसऱ्याच गावातून आणून चिकटवल्यासारखी दिसेल."

"ते काय आताही..." वाव्रोवाबाई बोलता बोलता थांबल्या आणि हसल्या. "तुम्ही उगाच चिडता हो. मी काही वाईट बोलले का? सर, सांगा, मी वाईट बोलले?"

लाबुदा सरांनी टोपी फिरवली. "नाही, म्हणजे, दोन्ही फोटो आपापल्या जागी छानच आहेत."

ओतीलियाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो तिने काढला की घरची माणसं खोलीतून उठून जायची. "एक वर्ग, एक रोल," ती म्हणाली. "आणि तो कुठला, हे मी ठरवणार. पटत नसेल तर व्हिएन्नाहून माणूस मागवा."

खरं सांगायचं तर त्या घडीला तिचा राग झानेतासाठी नव्हताच. पोरीला ती धड ओळखतही नव्हती. डोळ्यांदेखत दूध उतू जावं आणि कोणी उठू नये, तसा तो राग होता. चेहरा समोर आहे, उजेड आहे, फिल्म आहे आणि तरी तो वाया घालवायचा, हे तिला सहन होत नव्हतं.

फोटोच्या दिवशी झानेता आईला घेऊन आली. इरेना चोन्कोवा, रुग्णालयात साफसफाईचं काम करणारी, ठेंगणी, बोलघेवडी. हातात कापडाखाली झाकलेली जाड पोळी आणि वर परतलेला कोबी. "आधी खा, मग काढा," तिने फर्मावलं. मग पिशवीतून पावडरचा डबा काढला. पावडर पोरीच्या रंगापेक्षा कितीतरी गोरी होती.

"आई, ते ठेव आत."

"थोडीशी गं. शाळेचे फोटो मला माहीत आहेत." इरेना ओतीलियाकडे वळली. "काकू, पहिलीपासूनचे सगळे फोटो ठेवलेत मी. एकात पोर दिसेल तर शपथ. डोळे आणि दात. शेजारणीला बोटाने दाखवते, ही लूसिया, हा बिस्त्रीक आणि इथे जो अंधार आहे ना, तो माझा."

ती हसली. झानेता हसली नाही. ओतीलियालाही हसू आलं नाही. पहिलीपासूनचे ते फोटो दुसऱ्या कोणीतरी काढले होते, पण ते कसे काढले असतील हे तिला न बघता दिसत होतं. वर्गातल्या गोऱ्या पोरांवर उजेड मोजायचा मीटर धरायचा, बटण दाबायचं, आणि कडेची एक पोर गेली तर गेली.

"पावडर नको," ती म्हणाली. "उजेड मी देते. त्यासाठी तर हा रोल घेतलाय."

तिने मीटर झानेताच्या गालाला टेकवून धरला, छत्रीचा दिवा जवळ ओढला, आणि मीटर सांगत होता त्याहून थोडा जास्तच प्रकाश फिल्मला दिला. या फिल्मला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. इरेना मागून सारखी सूचना देत होती, मान वर, खांदे खाली, हस, एवढं नको हसूस. शेवटी ओतीलियाने तिला बाहेर बाकावर बसवलं आणि पोळीचा तुकडा हातात दिला.

पहिले छोटे प्रिंट तिने स्वतः लॅबमध्ये उभं राहून करून घेतले. झानेताचा प्रिंट हातात आला तेव्हा तिने लॅबवाल्या वेंदेलीनला म्हटलं, "मोठे करशील तेव्हा सगळे असेच कर. हा नमुना." निगेटिव्ह त्याच्याकडे ठेवून ती निघाली. मोठे प्रिंट वेंदेलीनकडून थेट वाव्रोवाबाईंकडे जाणार होते, फलक सजवण्याचं काम त्यांचं होतं.

एप्रिलच्या एका शनिवारी सकाळी झानेता स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"काकू, चौकात चला."

"काय झालं?"

"चला म्हणते ना."

चौकात साबण-शाम्पूच्या दुकानापुढे इरेना उभी होती, बरोबर तिची मोठी बहीण, तिचा नवरा आणि पोरंटोरं. सगळ्यांच्या अंगावर सणाचे कपडे होते. वस्तीतली पहिलीच पोर टाब्लोवर झळकली, म्हणून मंडळी नटूनथटून बघायला आली होती.

ओतीलियाने फलक बघितला. वरच्या ओळीत शिक्षक, खाली मुलं. लूसिया, बिस्त्रीक, सगळे जसेच्या तसे. तिसऱ्या ओळीत 'झानेता चोन्कोवा' या नावावर राख फासल्यासारखा एक चेहरा होता. गालांची गोलाई गेलेली, नाक सपाट झालेलं, भुवईतली खोक पुसून गेलेली. ओठांचा रंग उडाला होता. आणि चेहरा उजळवण्याच्या नादात पांढरा ब्लाऊज मागच्या पडद्यात विरघळून गेला होता, त्यामुळे मुंडकं नुसतंच हवेत तरंगत होतं.

"ही कोणाची पोर?" इरेना हळूच म्हणाली.

झानेताचा आवाज मात्र हळू नव्हता. "पावडर नको म्हणालात ना तुम्ही? उजेड देते म्हणालात. मग हे काय फासलंत? आईची पावडर तरी परवडली असती, घरी जाऊन धुता आली असती!"

"हे मी केलं नाही."

"फोटो कोणी काढला?"

ओतीलिया तशीच पाय आपटत लॅबकडे गेली.

वेंदेलीन मशीनमागे बसून सँडविच खात होता. त्याने काही लपवलंही नाही. "वाव्रोवाबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, ती एकटीच फार उठून दिसते, जरा उजळ करा. मी केली. त्यात काय? लोक मागून घेतात असं."

"तिने मागून घेतलं होतं?"

"अगं, तिला आनंदच होईल."

"मी नमुना दिला होता ना तुला? हातात दिला होता ना?"

"ओतीलिया, एका फोटोसाठी..."

"एक फोटोच असतो रे माणसाचा त्या फलकावर! दुसरा कुठे असतो?" तिने त्याच्या ड्रॉवरमधून सगळी निगेटिव्ह काढली, त्याच्याच मशीनवर त्याला उभं करून झानेताचा फलकाच्या मापाचा प्रिंट पुन्हा काढायला लावला, रागाच्या भरात एक भलामोठाही काढून घेतला, आणि सगळं काखेत मारून बाहेर पडली. वेंदेलीनचं सँडविच अर्धंच राहिलं.

वाव्रोवाबाईंच्या घरी खसखशीच्या केकचा वास सुटला होता. बाईंनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि त्या चक्क दुखावल्या. "तिच्याच भल्यासाठी केलं हो मी. उद्या पोर नोकरी मागायला जाईल. कामाला येईल हा फोटो."

"नोकरी मागायला जाईल तेव्हा तोंड कुठलं घेऊन जाईल? तुम्ही दिलेलं?"

"तुम्हाला फार पुळका आलाय त्यांचा."

"त्यांचा नाही. तिचा. तिला नाव आहे, तुम्हीच चिकटवलंय खाली. लूसियाचं नाक तुमच्यासारखं लांब आहे, ते परस्पर आखूड केलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

दार लागलं. ओतीलिया तशीच लाबुदा सरांकडे गेली. सर बागेत वाफे करत होते. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली, फार वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, "पण परीक्षा तोंडावर आलीय. आता वाद नको. जूनमध्ये फलक उतरवला की बघू."

"उतरवल्यावर काय बघायचं, सर?"

सरांनी फावडं पुन्हा मातीत घातलं. चार वर्षं या माणसाने त्या पोरीची हजेरी घेतली होती. ओतीलियाला वाटलं, फावडं हिसकावून घ्यावं आणि याच वाफ्यात याला लावून टाकावा.

घरी जाऊन तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्टुडिओच्या काचेतल्या सगळ्या नवऱ्या आणि बाळं काढून टाकली, आणि मधोमध झानेताचा फोटो लावला, दाराएवढा मोठा. बघा म्हणावं. बाहेर जाऊन तिने स्वतःच चारदा बघितला. तिला बरं वाटलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर झानेता आली आणि दप्तरही न उतरवता म्हणाली, "काढा तो."

"का? सुंदर आलाय. अगदी तू आहेस."

"मीच आहे. पण मला विचारलंत का? त्या बाईंनीही विचारलं नाही, तुम्हीही नाही. त्यांना मी लपवायला हवी, तुम्हाला दाखवायला. सकाळपासून पोरं मला काचेतली राणी म्हणून चिडवतायत."

"मी तुझ्या बाजूने लढतेय गं!"

"मग विचारा ना, मला काय हवंय ते! मला एकटीला काचेत नाही बसायचं. मला तिसऱ्या ओळीत बसायचंय. बिस्त्रीकच्या शेजारी. जिथे माझी जागा आहे तिथे."

ओतीलियाने चष्मा काढला, पण या वेळी रागावण्यासाठी नाही. तो पुसून तिने परत लावला. सतराअठरा वर्षांची पोर आपल्याला आपल्याच दुकानात झापतेय, आणि तिचं बरोबर आहे. हे गिळायला जड गेलं. तिने फोटो उतरवला, गुंडाळला आणि पोरीच्या हातात दिला. मग टाब्लोच्या मापाचा नवा प्रिंट पर्समध्ये टाकला. "चल. आत्ताच चिकटवू."

साबणाच्या दुकानात झानेताने पाऊल टाकताच काउंटरवरची बाई मान उंच करून बघायला लागली. वस्तीतलं कोणी आलं की ती तशीच बघायची. झानेता सरळ काचेपाशी गेली, शाम्पूच्या बाटल्या बाजूला सारल्या, आणि मागून हात घालून नखाने तिसऱ्या ओळीतला तो राखाडी चेहरा सोलून काढला.

"ए! काय चाललंय? चोरी! पोलिसांना बोलवेन!"

"बोलवा," झानेता म्हणाली. "त्यांना सांगा, ही पोर स्वतःच्या नावावरचा फोटो घेऊन चाललीय. आणि त्यांनाच विचारा, हा फोटो माझ्यासारखा दिसतो का ते."

काउंटरवरच्या बाईने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा पोरीकडे पाहिलं. फोनवरचा तिचा हात तसाच राहिला.

ओतीलियाने घाईघाईने पर्समधून नवा प्रिंट काढला. "घे, हा लाव."

"नको."

"अगं आता नको काय? आणलाय मी!"

"असू दे तुमच्याकडे. जागा रिकामीच राहू दे. आपण गुपचूप बदलला तर काही झालंच नाही असं होईल. त्यांनाच येऊन मागू दे."

आणि जागा रिकामी राहिली. तिसऱ्या ओळीत बिस्त्रीक, मग डिंकाचे डाग पडलेला एक चौकोन, खाली 'झानेता चोन्कोवा', मग पुढचा मुलगा.

काळा चेहरा असता तर गावाने बघून सोडून दिला असता, राखाडी चेहऱ्याकडे तर कोणी लक्षही दिलं नव्हतं. रिकाम्या चौकोनापुढे मात्र लोक थांबायला लागले. पोर शाळा सोडून गेली का? पळून गेली का? आजारी आहे का? चौथ्या-पाचव्या दिवशी कोण्या म्हातारीने काचेखाली थडग्यांपुढे लावतात तसली लाल मेणबत्ती आणून लावली. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी दोन होत्या आणि एक फुलांची जुडी. झानेता बाजारातून पाव घेऊन येत होती, तर एक बाई तिलाच सांगायला लागली, "बघ गं, तुमच्यातली पोर होती, परीक्षेच्या तोंडावर गेली बिचारी."

"कुठे गेली?" झानेता म्हणाली. "पाव आणायला गेली होती. आली परत."

ती घरी येऊन पोट धरून हसली आणि मग इरेनाच्या मांडीत तोंड खुपसून रडली. इरेनाने दुसऱ्या दिवशी स्टुडिओत येऊन हे सांगितलं. "जिवंत पोरीला मेणबत्त्या! मेल्यावर बरी दया येते यांना!"

मेणबत्त्यांची बातमी मुख्याध्यापिकेच्या कानावर गेली तेव्हा शाळा हलली. त्याच दुपारी लाबुदा सर टोपी हातात घेऊन स्टुडिओत हजर. "तो दुसरा फोटो द्या म्हणतात. लगेच लावायचाय."

"माझ्याकडे मागू नका," ओतीलिया म्हणाली. "ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा. मीही ते उशिरा शिकले."

"शाळेत विचारतो उद्या."

"उद्या नाही. घर माहीत आहे का तुम्हाला तिचं?"

माहीत नव्हतं. ओतीलियाने रस्ता सांगितला. पुढचं तिला इरेनाकडून कळलं. सर पुलापलीकडे वस्तीत गेले, चिखलात बूट भरले, दोनदा चुकले. इरेनाने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात पोळी ठेवली, आणि ते खाईपर्यंत कामाचं काही बोलूच दिलं नाही. मग सरांनी झानेताला विचारलं, तुझा फोटो लावू का? झानेता म्हणाली, तुम्ही तो फलक पहिल्यांदा बघितलात तेव्हा ती मी नाही हे तुम्हाला कळलं होतं का? सर टोपी फिरवत म्हणाले, कळलं होतं.

"मग?" ओतीलियाने विचारलं.

"मग काय? ही म्हणाली, ठीक आहे, मी स्वतः चिकटवणार. सर उठले. जाताना आणखी एक पोळी बांधून दिली मी. काय करणार, दारात आलेला माणूस." इरेनाने नाक मुरडलं. "पण माफ नाही हं केलेलं."

वाव्रोवाबाईंनी कधीच काही कबूल केलं नाही. पुढच्या वर्षीचा टाब्लो त्यांच्या शब्दावरून शेजारच्या गावातल्या दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेला आणि तो भडक रोलवर निघाला. ओतीलिया तो बघायला गेली नाही. वेंदेलीनकडे तिने पुन्हा रोल टाकला नाही, त्यासाठी तिला कोशित्से शहरापर्यंत बसने जावं लागलं तरीही.

पण ते पुढचं. सर वस्तीत येऊन गेले त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी झानेताने दुकानाच्या काचेमागे वाकून, जीभ दातांत धरून आपला फोटो तिसऱ्या ओळीत चिकटवला आणि चारी कोपरे अंगठ्याने दाबले. काउंटरवरच्या बाईने शाम्पूच्या बाटल्या आपण होऊन बाजूला केल्या होत्या. बाहेर ओतीलिया, इरेना आणि सणाच्या कपड्यांतली सगळी मंडळी पुन्हा उभी होती. काचेत बिस्त्रीकचे ठिपके होते आणि शेजारी झानेता होती, खोकेसकट, गुर्मीसकट, पांढऱ्या ब्लाऊजसकट.

इरेनाने नाक काचेला टेकवून बराच वेळ बघितलं.

"कॉलर वाकडी आहे," ती म्हणाली. "मला बाहेर बाकावर बसवलंत ना, म्हणून."

"वाकडी नाहीये!" ओतीलिया उसळली.

"डावीकडून बघा."

"डावीकडून बघितलं! सरळ आहे! काढून दाखवू का निगेटिव्ह?"

"वाकडीच आहे," झानेता आतून ओरडली. काचेमुळे तिचा आवाज दबका येत होता. रस्त्यावरच्या त्या दोघी मात्र भांडायच्या थांबल्या नाहीत.